ताऱ्यांचा ताप मोजणारे मेघनाद साहा

ढाका जिल्ह्यातील एका खेड्यात ६ ऑक्टोबर १८९३ रोजी मेघनाद साहा यांचा जन्म झाला. वडिलांचे किराणा मालाचे लहानसे दुकान. पुढची शाळा गावापासून दूर. तेव्हा एका दयाळू डॉक्टरांनी मुलाला घरी ठेवून घेतले. त्याने आपली भांडी घासावीत आणि गाय सांभाळावी, एवढीच अट. १९०५ साली वंगभंगाच्या दिवसांत गव्हर्नरांच्या भेटीवर बहिष्कार घातला म्हणून ढाक्याच्या शाळेतून नाव कमी झाले, शिष्यवृत्तीही गेली. कलकत्त्याच्या वसतिगृहात जात आडवी आली; इतरांच्या पंगतीला बसता येईना. यातूनही वाट काढीत हा विद्यार्थी कलकत्ता विद्यापीठात अध्यापक झाला.

हाताशी मोठी दुर्बीण नव्हती, सुसज्ज प्रयोगशाळाही नव्हती. तरीही १९२० साली त्यांनी ताऱ्यांचे वर्णपट वाचण्याची किल्ली जगाला दिली. वायू तापला की अणूंतील इलेक्ट्रॉन निसटतात. तापमान किती, दाब किती, यावर किती अणू असे विद्युत्भारित होतील हे साहांच्या समीकरणाने ठरविता येते. म्हणजे वर्णपटातील रेषांवरून ताऱ्याचा ताप कळू लागला. १९२५ साली सेसिलिया पेन यांनी याच समीकरणाच्या आधारे तारे मुख्यत्वे हायड्रोजनचे आहेत, असे दाखविले.

पण पृथ्वीचे वातावरण पुष्कळसे किरण अडविते. म्हणून १९३७ साली साहांनी ओझोनच्या थरावर वेधशाळा नेण्याची कल्पना मांडली. त्या काळी ती पुरी होण्यासारखी नव्हती. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जाताना ते रस्त्यातच कोसळले आणि त्यांचे निधन झाले.

पुढे उपग्रह उडाले. १९७२ साली सोडलेल्या कोपर्निकस उपग्रहाला अतितप्त, अवजड ताऱ्यांच्या वाऱ्यात पाच इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन आढळला. ताऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४०,००० अंश. तेवढ्याने हे घडणे कठीण! कोडे पडले. १९७८ साली आइन्स्टाइन वेधशाळेला अशा ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण दिसले. सेकंदाला सुमारे ३,००० किलोमीटरपर्यंत वेगाने सुटलेल्या वाऱ्यात वेगवान झोत मंद झोतांवर आदळतात आणि काही वायू लाखो अंशांपर्यंत तापतो, असा त्याचा उलगडा आज मानला जातो. २००० साली चंद्रा वेधशाळेने झीटा पपिस या ताऱ्याच्या क्ष-किरणांचा वर्णपट घेऊन या तप्त वाऱ्याचा वेग रेषांच्या रुंदीतून वाचला. इतक्या विरळ वायूला साहांचे समीकरण जसेच्या तसे लागत नाही; पण अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले यावरून ताप ओळखायची दृष्टी त्यांचीच.

२०१५ साली भारताचा ॲस्ट्रोसॅट अवकाशात गेला. त्यावर अतिनील दुर्बीण होती, तशीच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेली क्ष-किरण दुर्बीणही होती. साहांनी वेधशाळा वातावरणापलीकडे नेण्याचा विचार मांडला, त्याला तोवर ७८ वर्षे झाली होती.