बोलता येईल अशी डॉक्टर

गेल्या वर्षी माझी भाची चिपळूणहून मुंबईला राहायला आली. जावयांची बदली झाली आणि आमच्या लोअर परळमध्येच त्यांना भाड्याची जागा मिळाली. येताना तिच्या पिशवीत आईने दिलेली आमसुलं होती, दोन नारळ होते आणि एक फाईल होती. तिला नुकताच तिसरा महिना लागला होता. भांडीकुंडी मांडून व्हायच्या आधीच तिने मला विचारलं, की इथे जवळपास चांगली लेडी डॉक्टर कोण आहे?

मी हसले. मुंबईत डॉक्टरांना काय तोटा! तिने मोबाईल काढला, तर नावांची ही मोठी रांग. कोण किती अंतरावर, कोणाला किती चांदण्या, कोणाची फी किती. पण भाची काही हसली नाही. तिला बाई डॉक्टरच हवी होती, आणि का हवी होती ते तिने रात्री दिवे मालवल्यावर सांगितलं.

वर्षभरापूर्वी तिला दिवस राहिले होते. तिसऱ्याच महिन्यात थोडं थोडं रक्त जायला लागलं. दवाखान्यात सासूबाई आणि नवरा दोघंही सोबत होते, समोर पुरुष डॉक्टर. सगळं ठीक ना, असं त्यांनी विचारलं आणि हिच्याआधी सासूबाईंनीच हो म्हणून टाकलं. ही मान खाली घालून बसली. चार दिवसांनी गर्भ पडला. तेव्हा सांगितलं असतं तर तो वाचलाच असता असं नाही. सुरुवातीच्या महिन्यांतले बरेच गर्भपात कोणाच्या चुकीने होत नाहीत, असं डॉक्टर सांगतात. पण आपण बोललो नाही, हा सल काही तिच्या मनातून गेला नव्हता.

मला माझे दिवस आठवले. मी १९८६ साली लग्न होऊन डिलाईल रोडच्या चाळीत आले. गिरण्यांचा संप होऊन चार वर्षं झाली होती आणि घराघरात ओढाताण चालली होती. दिवस राहिल्यावर सासूबाई मला जवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी सगळे प्रश्न सासूबाईंना विचारले आणि मी फरशीवरची नक्षी मोजत बसले! शेवटी गिरणीत वायंडिंग खात्यात काम केलेल्या शेजारच्या काकूंनी सांगितलं, की सरळ परळच्या वाडियात जा. नौरोसजी वाडिया प्रसूती रुग्णालय १९२६ साली सुरू झालं, तेच मुळी गिरणगावातल्या कामकरी बायकांसाठी. तिथे एका सिस्टरने सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं आणि मला एकटीला विचारलं. माझ्या शरीराबद्दल कोणी मलाच विचारावं, ही माझ्या आयुष्यातली पहिली वेळ.

त्या रात्री भाचीला झोप येईना, मलाही येईना. मग मी तिला डॉ. रखमाबाईंची गोष्ट सांगत बसले. मैत्रिणींनो, आनंदीबाई जोशींचं नाव आपल्याला शाळेपासून पाठ असतं. रखमाबाई मात्र बऱ्याच जणींना २०१६ च्या मराठी चित्रपटानंतरच ठाऊक झाल्या. मला त्या आवडतात, कारण त्यांची सगळी लढाई एका प्रश्नाभोवती होती. बाईच्या शरीराबद्दल कोणी ठरवायचं?

रखमाबाई मुंबईच्या. जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. आई जयंतीबाईंचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, पंधराव्या वर्षी रखमा झाली आणि सतराव्या वर्षी जयंतीबाई विधवा झाल्या. आज ज्या वयात आपल्या मुली बारावीचे क्लास लावतात, त्या वयात ही बाई लग्न, बाळंतपण आणि वैधव्य असं सगळं भोगून बसली होती. त्यांच्या सुतार समाजात पुनर्विवाहाला मोकळीक होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले नामवंत डॉक्टर, वनस्पतींचे मोठे जाणकार आणि मराठीतून वैद्यकावर पुस्तकं लिहिणारे.

इतका शिकलेला सावत्र बाप मिळूनही रखमाचं लग्न अकराव्या वर्षी झालंच. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा. त्याने सासरच्यांकडे राहून शिकावं, मोठं व्हावं असं ठरलं होतं. लग्नानंतर काही महिन्यांनी रखमाला पाळी आली आणि रीतीप्रमाणे गर्भाधानाची घाई सुरू झाली. इथे डॉ. सखाराम अर्जुन आडवे उभे राहिले. इतक्या कोवळ्या मुलीला संसाराला लावू देणार नाही, असं त्यांनी ठरवलं. मला वाटतं, कोवळ्या वयातलं बाळंतपण काय करतं हे त्यांनी डॉक्टर म्हणून पाहिलेलं असणार. घरात डॉक्टर असण्याचा उपयोग तो हाच!

रखमा माहेरीच राहिली. शाळा सुटली होती, पण मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं आणून ती घरीच शिकली. बायकांच्या सभांना जायला लागली. इकडे दादाजीने शिक्षण सोडून दिलं आणि तो मामाकडे राहायला गेला. जसजशी ती शहाणी होत गेली, तसतसं तिच्या लक्षात आलं, की या माणसाबरोबर आपला संसार होणे नाही.

१८८४ साली दादाजीने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला, की बायकोला माझ्या ताब्यात द्या. खटला उभा राहायच्या आधीच, १८८५ मध्ये, डॉ. सखाराम अर्जुन वारले. पाठीशी उभा राहणारा बापच गेला. तरी रखमाबाई मागे हटल्या नाहीत. आपण लहान असताना, आपल्या संमतीशिवाय लागलेलं लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, हीच त्यांची बाजू. एक हिंदू स्त्री एवढ्याच सहीने त्यांनी टाइम्स ऑफ इंडियात पत्रं लिहिली आणि बालविवाहाने बाईचं काय होतं ते जगापुढे मांडलं. त्याच वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. पण अपिलात तो फिरला आणि खटला पुन्हा चालला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की महिन्याच्या आत नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगा.

बावीस वर्षांची मुलगी! तिने उत्तर दिलं, की मी कैद पत्करेन, पण जाणार नाही.

केवढा गहजब झाला असेल, विचार करा. लोकमान्य टिळकांसारख्या माणसानेही केसरीतून त्यांच्यावर टीका केली. इंग्रजी शिक्षणाने मुली बिघडतात, असाच तेव्हाचा सूर होता. बेहरामजी मलबारी आणि पंडिता रमाबाई मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. आणखी एक योगायोग मला नेहमी चटका लावून जातो. या निकालाच्या जेमतेम आठवडाभर आधी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या, पण एकाही वर्षाची प्रॅक्टिस त्यांच्या नशिबी नव्हती.

राणी व्हिक्टोरियाने हुकूम काढून रखमाबाईंना सोडवलं, असं अजूनही पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. प्रत्यक्षात सुटका झाली ती तडजोडीने. जुलै १८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि आपला हक्क सोडला. या खटल्याने उठलेला धुरळा मात्र बसला नाही. संमतीवयाचा वाद पेटत गेला आणि १८९१ च्या कायद्याने ते वय दहावरून बारा झालं. आज वाचताना बारा हा आकडासुद्धा अंगावर काटा आणतो.

आता पुढे काय? याचं उत्तर मुंबईतच होतं. बाईने बाईलाच तपासावं यासाठी इथे १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झालं होतं. तिथे डॉ. एडिथ पीची नावाच्या इंग्रज बाई काम करत. स्वतः त्यांनाही एडिनबरोत बाई म्हणून शिक्षणासाठी झगडावं लागलं होतं. त्यांनी रखमाबाईंना धीर दिला, लोकांनी पैसे उभे केले आणि १८८९ साली रखमाबाई लंडनला बायकांच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाल्या. १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. परत आल्यावर थोडा काळ त्यांनी कामामध्ये काम केलं आणि मग सुरतेच्या बायकांच्या दवाखान्याचा भार उचलला.

इथपर्यंत ऐकून भाचीला वाटलं, आता गोष्ट संपली. पण खरी गोष्ट तर इथूनच सुरू होते. दवाखाना होता, डॉक्टर होती, तीही बाई! तरी बायका बाळंतपणाला येईनात. घराबाहेर बाळंत होणं म्हणजे अपशकुन, तिथे गेलेली परत येत नाही, अशी भीती. सांगतात, की रखमाबाईंनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणून तिची सुटका केली. शेळी आणि करडू दोन्ही सुखरूप आहेत, हे दाखवलं आणि बायकांची भीड चेपली. रागावल्या नाहीत, व्याख्यानं दिली नाहीत. घाबरलेल्या बाईला काय पटेल ते त्यांना कळत होतं, कारण सगळं गाव विरुद्ध गेलं की कसं वाटतं, हे त्यांनी स्वतः सोसलं होतं.

सुरतेत वीसहून जास्त वर्षं त्यांनी काढली. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा या बाईंनी रीतीप्रमाणे पांढरं लुगडं नेसलं. ज्याच्याकडे नांदायला नकार दिला त्याच्यासाठी हे का, असं भाचीने मला विचारलं. मला नाही सांगता आलं. माणसं आपल्या हिशेबात बसतीलच असं थोडंच असतं? त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. १९१८ पासून त्या राजकोटच्या जनाना रुग्णालयात गेल्या आणि सुमारे पस्तीस वर्षांची डॉक्टरी करून १९३० च्या सुमारास मुंबईला परतल्या. पडद्याची चाल मोडायला हवी, असं त्यानंतरही त्यांनी लिहिलं. २५ सप्टेंबर १९५५ ला वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या.

त्याच १९५५ साली आपल्या मुंबईच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. वारंवार मधल्या महिन्यांत गर्भ पडणाऱ्या किती तरी बायकांना जगभर त्या टाक्याचा उपयोग झाला. शिरोडकर पुरुषच होते. हे मी भाचीला मुद्दाम सांगितलं. बाई डॉक्टर हवीशी वाटणं अगदी बरोबर आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जिच्यापुढे किंवा ज्याच्यापुढे आपलं तोंड उघडतं तो डॉक्टर आपला.

सकाळी आम्ही मोबाईलमधल्या चांदण्या बाजूला ठेवल्या आणि वहीत प्रश्न लिहिले. डॉक्टरांचं शिक्षण काय, म्हणजे एमडी, एमएस, डीएनबी की डीजीओ? रात्री-अपरात्री त्रास झाला तर कोण भेटेल? सिझेरियनची आणि रक्ताची सोय तिथेच आहे, की दुसरीकडे न्यावं लागेल? घरून पोचायला किती वेळ लागेल? आणि शेवटचा, मला एकटीला बोलायला मिळेल का?

तुमच्या गावात कदाचित एखादाच दवाखाना असेल आणि तिथे पुरुष डॉक्टर असतील. तरी तपासताना सिस्टर किंवा आपली बाई जवळ हवी, असं सांगता येतं. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. गरोदरपणात रक्त गेलं, खूप डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका फुकट मिळते. आणि मुलगा की मुलगी हे सांगायला तयार असणाऱ्या डॉक्टरकडे पुन्हा पाऊल टाकू नका. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

आम्ही दोघी करी रोडचा पूल ओलांडून परळला गेलो. लांब रांग होती. नंबर लागल्यावर मीच सवयीने उठले, तशी भाचीने माझा हात धरून मला बाकावर बसवलं. फाईल घेतली आणि आत गेली. एकटीच.

बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. मागच्या वेळचं सगळं सांगून आले, म्हणाली. ते चार दिवससुद्धा. डॉक्टर बाई होत्या की पुरुष, हे विचारायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

यंदाच्या श्रावणात भाचीची मुलगी सहा महिन्यांची झाली.