कर्जफेडीसाठी निघालेले गोडसे भटजी

आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडण्यासाठी १८५७ मध्ये काकांसह उत्तरेकडे निघाले. मथुरेत बायजाबाई शिंदे करणार असलेल्या यज्ञात भरघोस दक्षिणा मिळेल, अशी आशा होती. वाटेतच बंडाचा वणवा पेटला. १८५८ मध्ये काका-पुतणे झाशीच्या वेढ्यात सापडले. शहर पडताच गोऱ्या शिपायांनी त्यांचे गाठीचे द्रव्य लुटले. तरीही आई-वडिलांना स्नान घालण्यासाठी विष्णुभटांनी गंगाजलाची कावड खांद्यावरून घरी आणली.

पुढे चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकीकत लिहिली. सरकारच्या धास्तीने ती बरीच वर्षे अप्रकाशित राहिली. १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध झाले, तेव्हा विष्णुभट हयात नव्हते. कर्ज फेडायला निघालेल्या या भिक्षुकाच्या ऋणात मराठी वाचक मात्र कायमचा राहिला.