सिमोन सिन्योरे

सिमोन सिन्योरे (जन्मनाव: सिमोन हेन्रिएट शार्लोट कामिन्कर; जन्म: २५ मार्च १९२१, वीसबाडेन, जर्मनी; मृत्यू: ३० सप्टेंबर १९८५, ओतय-ओतुये, फ्रान्स) या विसाव्या शतकातील अग्रगण्य फ्रेंच चित्रपट अभिनेत्री आणि लेखिका होत्या. 'रूम ॲट द टॉप' या ब्रिटिश चित्रपटातील भूमिकेसाठी त्यांना १९६० साली सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. चार दशकांच्या कारकिर्दीत त्यांनी फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका या तिन्ही देशांच्या चित्रपटांत काम केले. तारुण्यातील सौंदर्यामुळे प्रसिद्धी मिळालेल्या सिन्योरे यांनी वाढते वय पडद्यावर कधी लपवले नाही. त्यांच्या अनेक महत्त्वाच्या भूमिका वयाच्या पंचेचाळिशीनंतरच्या आहेत. डाव्या विचारांच्या सार्वजनिक कार्यकर्त्या म्हणूनही त्या ओळखल्या जात.

सुरुवातीचे जीवन

सिमोन यांचे वडील आंद्रे कामिन्कर हे पोलिश-ज्यू वंशाचे होते. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या ऱ्हाइनलँड प्रदेशात तैनात असलेल्या फ्रेंच सैन्यात ते अधिकारी असताना वीसबाडेन येथे सिमोन यांचा जन्म झाला. पुढे आंद्रे दुभाषी म्हणून नावारूपाला आले. भाषण चालू असतानाच भाषांतर करण्याच्या तंत्राचे ते आद्य जाणकार मानले जातात. आई जॉर्जेट सिन्योरे या ख्रिश्चन कुटुंबातील होत्या. सिमोन यांना दोन धाकटे भाऊ होते. कुटुंब पॅरिसलगतच्या न्यूयी-सुर-सेन या सुखवस्तू वस्तीत राहत असे.

१९४० साली जर्मनीने फ्रान्सचा पाडाव केला तेव्हा कामिन्कर कुटुंब ब्रिटनी प्रांतात आश्रयाला गेले होते. तेथील व्हान गावच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या शिक्षिका पुढे ल्यूसी ओब्राक या नावाने फ्रेंच प्रतिकार चळवळीतील एक ख्यातनाम स्त्री ठरल्या. वडील लंडनला निघून गेले आणि जनरल द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रान्सच्या चळवळीत सामील झाले. आई आणि दोन भावांच्या उदरनिर्वाहाची जबाबदारी एकोणीस वर्षांच्या सिमोन यांच्यावर आली.

युद्धकाळ आणि चित्रपटसृष्टीत प्रवेश

पॅरिसला परतल्यावर सिमोन यांनी इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या आणि टंकलेखनाचे काम केले. त्यानंतर त्यांना 'ले नूव्हो तां' या दैनिकाच्या कार्यालयात नोकरी मिळाली. हे दैनिक जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या गटाचे मुखपत्र होते आणि त्याचे संचालक झां लूशेर हे सिमोन यांच्या एका शाळासोबतिणीचे वडील होते. वडील द गॉल यांच्या बाजूने आणि मुलगी शत्रूच्या सहकाऱ्याच्या कचेरीत, अशी ही विसंगत परिस्थिती होती. या नोकरीचा उल्लेख त्यांनी पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने केला. काही महिन्यांनी त्यांनी ती सोडली. युद्धानंतर, १९४६ साली, लूशेर यांना देशद्रोहाच्या आरोपाखाली मृत्युदंड देण्यात आला.

या सुमारास सिमोन पॅरिसच्या सां-झेर्मां-दे-प्रे भागातील 'काफे द फ्लोर' येथे जमणाऱ्या लेखक, कलावंत आणि नटांच्या मंडळींत मिसळू लागल्या. त्यांच्या राजकीय विचारांची जडणघडण येथे झाली आणि अभिनयाची ओढही येथेच लागली. मात्र चित्रपटात काम करण्यासाठी अधिकृत परवाना आवश्यक होता व तो ज्यू वंशाच्या व्यक्तींना मिळत नसे. त्यामुळे त्यांनी वडिलांचे आडनाव बाजूला ठेवून आईचे सिन्योरे हे आडनाव धारण केले आणि परवान्याविना किरकोळ भूमिका केल्या. मार्सेल कार्ने यांच्या 'ले व्हिझितर द्यु स्वार' (१९४२) या चित्रपटात त्या गर्दीतील एक चेहरा म्हणून दिसतात.

कारकीर्द: १९४६ ते १९५८

युद्ध संपल्यावर दिग्दर्शक इव्ह आलेग्रे यांच्या चित्रपटांतून सिन्योरे यांना ठळक भूमिका मिळू लागल्या. 'देदे दांव्हेर' (१९४८) मध्ये त्यांनी अँटवर्प बंदरातील मद्यालयात देहविक्रय करणाऱ्या स्त्रीची मध्यवर्ती भूमिका केली. 'मानेज' (१९५०) मध्ये पैशासाठी नवऱ्याला फसवणारी बायको त्यांनी उभी केली. माक्स ओफ्यूल्स यांच्या 'ला रोंद' (१९५०) या चित्रपटातही त्या वेश्येच्या भूमिकेत होत्या. एकाच साच्यात अडकून पडण्याचा धोका या काळात होता.

तो साचा झाक बेकेर यांच्या 'कास्क दोर' (१९५२) या चित्रपटाने मोडला. १९००च्या सुमारास पॅरिसच्या गुंडांच्या टोळ्यांत गाजलेल्या एका खऱ्या प्रकरणावर तो आधारलेला होता. सोनेरी केसांची मारी आणि तिच्यासाठी खून करून मृत्युदंड भोगणारा सुतार मांदा यांची ही प्रेमकथा आहे. चित्रपटाचे फ्रान्समध्ये थंडे स्वागत झाले. लंडनमध्ये मात्र त्याची वाखाणणी झाली आणि सिन्योरे यांना ब्रिटिश चित्रपट अकादमीचा (बाफ्टा) सर्वोत्कृष्ट परदेशी अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. आज हा चित्रपट फ्रेंच अभिजात चित्रपटांत गणला जातो.

त्यानंतर एमिल झोला यांच्या कादंबरीवरील 'तेरेझ राकँ' (१९५३) आणि आंरी-झोर्झ क्लूझो यांचा रहस्यपट 'ले दियाबोलिक' (१९५५) हे त्यांचे उल्लेखनीय चित्रपट ठरले. 'ले दियाबोलिक' मध्ये निवासी शाळेच्या जुलमी संचालकाची पत्नी आणि प्रेयसी मिळून त्याच्या खुनाचा कट रचतात. थंड डोक्याच्या प्रेयसीची भूमिका सिन्योरे यांनी केली.

१९५४ साली आर्थर मिलर यांच्या 'द क्रूसिबल' या नाटकाच्या फ्रेंच रूपांतरात त्या इव्ह मोंतां यांच्यासह रंगभूमीवर उतरल्या. सतराव्या शतकातील चेटकिणींच्या खटल्यांवरचे हे नाटक अमेरिकेतील तत्कालीन साम्यवादविरोधी चौकशांवर भाष्य करणारे होते. त्यावरील 'ले सोर्सिएर द सालेम' (१९५७) या चित्रपटाची पटकथा झां-पॉल सार्त्र यांनी लिहिली. त्यातील भूमिकेसाठी सिन्योरे यांना दुसऱ्यांदा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

'रूम ॲट द टॉप' आणि ऑस्कर

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात सिन्योरे यांना मायदेशात फारशा भूमिका मिळत नव्हत्या. अशा वेळी ब्रिटिश दिग्दर्शक जॅक क्लेटन यांनी त्यांना जॉन ब्रेन यांच्या कादंबरीवरील 'रूम ॲट द टॉप' (१९५९) या चित्रपटासाठी निवडले. उत्तर इंग्लंडच्या एका औद्योगिक शहरातील महत्त्वाकांक्षी कारकून श्रीमंत उद्योगपतीच्या मुलीशी लग्न करण्याच्या प्रयत्नात, त्याच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या ॲलिस या विवाहित स्त्रीला दूर करतो, असे त्याचे कथानक आहे. कादंबरीतील इंग्रज ॲलिस सिन्योरे यांच्यासाठी फ्रेंच करण्यात आली. वयाने मोठी, संसारात दुःखी आणि तरीही स्वतःची फसवणूक न करणारी ही स्त्री त्यांनी कोणताही भडकपणा न आणता साकारली.

या भूमिकेसाठी त्यांना कान महोत्सवातील सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार आणि तिसरा बाफ्टा मिळाला. ४ एप्रिल १९६० रोजी त्यांना ऑस्कर देण्यात आला. कॅथरीन हेपबर्न, एलिझाबेथ टेलर, ऑड्री हेपबर्न आणि डोरिस डे या त्या वर्षीच्या अन्य नामांकित अभिनेत्री होत्या. डाव्या विचारांमुळे सिन्योरे आणि मोंतां यांना त्यापूर्वी अमेरिकेचा व्हिसा मिळू शकला नव्हता. १९५९ साली तो मिळाल्यानंतर काही महिन्यांतच हा सन्मान झाला.

वैयक्तिक जीवन

इव्ह आलेग्रे यांच्याशी सिन्योरे यांचा विवाह १९४८ साली झाला. त्यांची मुलगी कातरीन आलेग्रे (जन्म १९४६) हीदेखील अभिनेत्री झाली. ऑगस्ट १९४९ मध्ये दक्षिण फ्रान्समधील सां-पॉल-द-व्हांस येथे त्यांची गायक आणि अभिनेते इव्ह मोंतां यांच्याशी भेट झाली. आलेग्रे यांच्यापासून विभक्त झाल्यावर २२ डिसेंबर १९५१ रोजी त्यांनी मोंतां यांच्याशी विवाह केला. नॉर्मंडीतील ओतय-ओतुये येथील त्यांचे घर लेखक, दिग्दर्शक आणि कार्यकर्त्यांच्या बैठकांचे ठिकाण बनले.

१९६० साली 'लेट्स मेक लव्ह' या चित्रपटाच्या वेळी मोंतां आणि मेरिलिन मन्रो यांच्या संबंधांची वृत्तपत्रांतून जगभर चर्चा झाली. सिन्योरे यांनी मन्रो यांच्यावर जाहीर दोषारोप केला नाही आणि पुढे आत्मचरित्रातही त्यांच्याविषयी सहानुभूतीने लिहिले. हा विवाह सिन्योरे यांच्या मृत्यूपर्यंत टिकला.

राजकीय भूमिका

सिन्योरे आणि मोंतां हे साम्यवादी पक्षाचे सदस्य कधीच नव्हते, परंतु १९५०च्या दशकात ते पक्षाचे निकटचे सहानुभूतीदार मानले जात. अण्वस्त्रबंदीची मागणी करणाऱ्या १९५०च्या स्टॉकहोम आवाहनावर दोघांनी स्वाक्षऱ्या केल्या होत्या. नोव्हेंबर १९५६ मध्ये सोव्हिएत सैन्याने हंगेरीतील उठाव चिरडला तेव्हा मोंतां यांचा सोव्हिएत संघाचा दौरा आधीच ठरलेला होता. दौरा रद्द करावा यासाठी त्यांच्यावर मोठा दबाव आला, तरीही दोघे गेले. मॉस्कोत निकिता ख्रुश्चेव्ह आणि अन्य सोव्हिएत नेत्यांसमोर त्यांनी हंगेरीविषयी थेट प्रश्न उपस्थित केले. या दौऱ्याने आणि पूर्व युरोपातील अनुभवाने त्यांच्या जुन्या श्रद्धेला तडा गेला.

सप्टेंबर १९६० मध्ये अल्जीरियातील युद्धात लढण्यास नकार देण्याच्या हक्काचे समर्थन करणारा १२१ जणांचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्यावर सिन्योरे यांनी स्वाक्षरी केली. स्वाक्षरी करणाऱ्यांवर सरकारी नभोवाणी व दूरचित्रवाणीवर बंदी घालण्यात आली.

कोस्ता-गाव्हरास यांच्या 'लाव्हो' (१९७०) या चित्रपटातील सहभाग हा त्यांच्या राजकीय प्रवासातील महत्त्वाचा टप्पा आहे. १९५२ साली प्रागमध्ये साम्यवादी राजवटीने आपल्याच नेत्यांवर चालवलेल्या बनावट खटल्याची ही कथा आहे. त्यात मोंतां यांनी छळ सोसणाऱ्या आरोपीची आणि सिन्योरे यांनी त्याच्या पत्नीची भूमिका केली. पक्षावरील निष्ठेपायी ही पत्नी सुरुवातीला पतीच्या अपराधावर विश्वास ठेवते. सप्टेंबर १९८२ मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू असताना तत्त्वज्ञ मिशेल फूको आणि डॉक्टर बेर्नार कुश्नेर यांच्यासह त्या मदतसामग्री घेऊन वॉर्साला गेल्या.

उत्तरार्ध

१९६०च्या दशकात सिन्योरे यांचे बाह्य रूप वेगाने बदलले. चेहरा थोराड झाला, शरीर स्थूल झाले. चित्रपटव्यवसायात अशा टप्प्यावर बहुतेक नायिकांची कारकीर्द मावळते. सिन्योरे यांनी मात्र बदललेला चेहरा जसाच्या तसा कॅमेऱ्यासमोर आणला आणि त्यातून नव्या प्रकारच्या भूमिका मिळवल्या. स्टॅन्ली क्रेमर यांच्या 'शिप ऑफ फूल्स' (१९६५) मधील अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या सरदारघराण्यातील स्त्रीच्या भूमिकेसाठी त्यांना पुन्हा ऑस्कर नामांकन मिळाले. प्रत्येक प्रयोग यशस्वी ठरलाच असे नाही. १९६६ साली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये ॲलेक गिनेस यांच्यासोबत केलेल्या 'मॅकबेथ' या नाटकावर समीक्षकांनी कठोर टीका केली.

झां-पिएर मेलव्हिल यांच्या 'लार्मे देझोंब्र' (१९६९, अर्थ: सावल्यांची सेना) मधील मातिल्द ही त्यांच्या सर्वोत्तम भूमिकांपैकी एक मानली जाते. मातिल्द प्रतिकार चळवळीतील कुशल संघटक असते. मुलीचे छायाचित्र जवळ बाळगण्याच्या एका चुकीमुळे ती जर्मनांच्या कचाट्यात सापडते आणि अखेर तिचेच सहकारी तिला गोळ्या घालतात. या पात्रामागे काही अंशी ल्यूसी ओब्राक यांची प्रेरणा असल्याचे मानले जाते. व्हानच्या शाळेतील शिक्षिकेची छाया असलेली व्यक्तिरेखा विद्यार्थिनीच्या वाट्याला यावी, हा विलक्षण योग होता.

जॉर्ज सिमेनॉन यांच्या कादंबरीवरील 'ल शा' (१९७१) मध्ये त्यांनी आणि झां गाबां यांनी एकमेकांशी बोलणेही सोडलेले वृद्ध दांपत्य रंगवले. या चित्रपटासाठी बर्लिन महोत्सवात दोघांनाही अभिनयाचे रौप्य अस्वल मिळाले. 'ला व्ही दव्हां स्वा' (१९७७) मध्ये आउशविट्झच्या छळछावणीतून वाचलेल्या आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची मुले सांभाळणाऱ्या मादाम रोझा या वृद्ध ज्यू स्त्रीची भूमिका त्यांनी केली. अरब मुलगा मोमो आणि रोझा यांच्या जिव्हाळ्याची ही कथा आहे. ज्या वंशामुळे त्यांना एकेकाळी नाव बदलावे लागले होते, त्याच वंशाच्या स्त्रीची ही भूमिका होती. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट परदेशी भाषेतील चित्रपटाचा ऑस्कर आणि सिन्योरे यांना १९७८ चा सेझार पुरस्कार मिळाला.

लेखन

१९७०च्या दशकाच्या मध्यात प्रसिद्ध झालेले 'ला नोस्ताल्जी ने प्ल्यू स केले ते' हे त्यांचे आत्मचरित्र फ्रान्समध्ये अत्यंत लोकप्रिय झाले. स्वतःच्या राजकीय भ्रमांची चिकित्सा हे त्याचे वैशिष्ट्य आहे. १९८५ साली त्यांची 'आद्यू व्होलोद्या' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पूर्व युरोपातून पॅरिसला आलेल्या ज्यू कुटुंबांची दोन महायुद्धांदरम्यानची आणि दुसऱ्या महायुद्धातील कथा तिच्यात आहे.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

अखेरच्या वर्षांत सिन्योरे यांची दृष्टी अतिशय क्षीण झाली होती, तरी त्यांनी चित्रपट आणि दूरचित्रवाणीसाठी काम चालू ठेवले. प्रतिकार चळवळीत लढलेल्या स्थलांतरितांवरील 'दे तेरोरिस्त आ ला रत्रेत' या माहितीपटाला त्यांनी आवाज दिला. वंशवादविरोधी 'एसओएस रासिझ्म' या संघटनेलाही त्यांचा पाठिंबा होता. ३० सप्टेंबर १९८५ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने वयाच्या ६४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. १९९१ साली मोंतां यांनाही त्यांच्या शेजारीच दफन करण्यात आले.

प्रभाव

प्रसिद्ध अमेरिकन गायिका नीना सिमोन यांनी आपल्या रंगमंचीय नावातील सिमोन हा भाग सिन्योरे यांच्यावरून घेतला होता. 'लार्मे देझोंब्र' अमेरिकेत प्रथमच २००६ साली प्रदर्शित झाला आणि तेथील समीक्षकांनी त्याचे मोठे कौतुक केले. त्यामुळे सिन्योरे यांचा अभिनय नव्या पिढीच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. वयस्क स्त्रीला चित्रपटाच्या केंद्रस्थानी आणणाऱ्या अभिनेत्रींची चर्चा होते तेव्हा त्यांचे नाव आवर्जून घेतले जाते.

प्रमुख पुरस्कार

- बाफ्टा, सर्वोत्कृष्ट परदेशी अभिनेत्री: 'कास्क दोर', 'ले सोर्सिएर द सालेम', 'रूम ॲट द टॉप'
- कान महोत्सव, सर्वोत्कृष्ट अभिनेत्री (१९५९): 'रूम ॲट द टॉप'
- ऑस्कर, सर्वोत्कृष्ट अभिनेत्री (१९६०): 'रूम ॲट द टॉप'
- एमी पुरस्कार (१९६६): 'अ स्मॉल रिबेलियन' (दूरचित्रवाणी)
- बर्लिन महोत्सव, रौप्य अस्वल (१९७१): 'ल शा'
- सेझार, सर्वोत्कृष्ट अभिनेत्री (१९७८): 'ला व्ही दव्हां स्वा'