तळं कुणाच्या मालकीचं?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्याला राज्यघटना आठवते. महाड म्हटलं की चवदार तळं आणि ओंजळीत पाणी घेतलेले बाबासाहेब आठवतात. शाळेच्या पुस्तकात आपण तेवढंच वाचलेलं असतं. पण त्या ओंजळभर पाण्यावरून पुढे जवळजवळ दहा वर्षं कोर्टात दावा चालला, हे फार थोड्या जणींना ठाऊक असतं. गावोगावच्या बायकांबरोबर काम करताना मला जमिनीच्या भांडणात अडकलेल्या कितीतरी जणी भेटतात. मनाई हुकूम, वहिवाट, तारीख हे शब्द ऐकले तरी त्यांच्या पोटात गोळा येतो. म्हणून आज बाबासाहेबांचं चरित्र मी त्या दाव्याच्या अंगाने सांगणार आहे.

१४ एप्रिल १८९१ ला महू इथे त्यांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. आई भीमाबाई लवकरच गेल्या आणि आत्या मीराबाईंनी या लेकराला सांभाळलं. साताऱ्याच्या शाळेत त्यांना पाण्याच्या भांड्याला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने वरून पाणी ओतलं तर प्यायचं, शिपाई नसेल तर तहानलेलं राहायचं. हाच मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला, १९१२ साली बी.ए. झाला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला शिकायला गेला. पुढे लंडनहून बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये मुंबईला परतला आणि वकिली करू लागला. इकडे संसाराची ओढाताण रमाबाई सोसत होत्या.

त्याच वर्षी, १९२३ च्या ऑगस्टमध्ये, रावबहादूर बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात एक ठराव मंजूर करून घेतला. सरकारी खर्चाच्या विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचं जाहीर केलं. पण कागदावर खुलं झालेल्या तळ्यावर जायची कुणाची हिंमत होईना. मग २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेला आलेले लोक बाबासाहेबांच्या मागे शिस्तीने चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. थोड्याच वेळात, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली. परिषदेहून परतणाऱ्यांना मारहाण झाली. नंतर पंचगव्य वगैरे टाकून तळ्याची शुद्धी करण्यात आली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचं ठरवलं. तेव्हा गावातल्या काही सवर्ण मंडळींनी १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या दिवाणी कोर्टात बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. हे तळं सार्वजनिक नाही, आमच्या खाजगी मालकीचं आहे, आमच्याशिवाय कुणी इथलं पाणी भरायचं नाही, ही पूर्वापारची चाल आहे, असं त्यांचं म्हणणं. दोनच दिवसांत कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

परिषदेला हजारो माणसं जमलेली. मांडवासाठी गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. लोक तळ्यावर जायला उतावीळ होते. पण बाबासाहेब स्वतः वकील होते. कोर्टाचा हुकूम मोडला तर भांडण सरकारशी जुंपेल आणि मूळ हक्क बाजूला पडेल, हे त्यांनी ओळखलं. बराच खल झाला आणि सत्याग्रह तहकूब ठरला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून आली, पाण्याला कुणी शिवलं नाही. त्याच मुक्कामात २७ तारखेला ते खास बायकांशी बोलले. नीटनेटकं राहा, लुगडं इतर बायकांसारखं नेसा, मुलींना शाळेत घाला, असं त्यांनी सांगितलं.

फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला, पण दावा चालूच राहिला. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. समोरची मंडळी ठाण्याला अपिलात गेली. १९३३ मध्ये तिथेही हरली, तरी हायकोर्टात गेली. मधल्या काळात काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषदा झाल्या, १९३२ चा पुणे करार झाला. २७ मे १९३५ ला रमाबाई गेल्या. शेवटचा निकाल ऐकायला त्या राहिल्या नाहीत.

तो निकाल आला १७ मार्च १९३७ ला. तळ्यावर पाणी प्यायल्याला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी होते! चार-पाच एकरांचं हे तळं, त्याच्या चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते आणि पलीकडे सवर्णांची घरं. काठावरचे काही तुकडे आणि घाट घरमालकांचे होते, पण म्हणून तळं त्यांचं होत नव्हतं. ते नगरपालिकेकडे होतं. उरला मुद्दा चालीचा. अस्पृश्यांची वस्ती तळ्याजवळ नव्हती, मग ते पूर्वी तिथे पाण्याला येत नसत यात नवल काय? तेवढ्यावरून त्यांना रोखण्याची अनादि काळची चाल सिद्ध होत नाही, असं हायकोर्टाने ठरवलं आणि अपील फेटाळलं.

मैत्रिणींनो, मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. आमच्यात मुलींना जमीन देत नाहीत, तशी पद्धतच नाही, हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. पूर्वी कुणी मागितलं नाही म्हणजे हक्क नव्हता, असं होत नाही. कायदामंत्री असताना बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीला वारसा देण्यासाठी जिवाचं रान केलं. बिल रखडलं तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या जूनमध्ये झाला आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच हक्क मिळाला. त्यासाठी वडील २००५ साली हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

तरीही भाऊबीजेच्या ताटासोबत हक्कसोडपत्र पुढे येतं आणि माहेर तुटेल या भीतीने बहीण सही करून मोकळी होते. हक्क सोडायचा की ठेवायचा, हे तिचं तिने ठरवावं. पण सही करण्याआधी तो कागद कुणाकडून तरी नीट वाचून घ्यावा, सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते पाहावं आणि विचार करायला चार दिवस मागून घ्यावेत. चार दिवस मागितले म्हणून नातं तुटत नाही. आणि कुणी पद्धतीचं कारण पुढे केलंच, तर त्याला चवदार तळ्याच्या दाव्याची गोष्ट खुशाल सांगावी.