खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आणि तंबोऱ्याची जवारी

किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ साली आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. घरात गाणं आणि सारंगी पिढ्यानपिढ्या. तरुणपणी ते बडोदा दरबारी गायक होते. तिथे ताराबाई माने यांच्याशी सूर जुळले, दोघांनी बडोदा सोडलं आणि पुढे खाँसाहेब मिरजेचेच झाले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य.

पण मुलांना सांगायची गोष्ट वेगळीच आहे. एवढा मोठा गवई वाद्यं स्वतः दुरुस्त करायचा! मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता घासलेला असतो. तार छेडली की ती त्या माथ्याला हलकेच पुन्हा पुन्हा टेकते आणि मूळ स्वरासोबत वरचे बारीक स्वर गुंजू लागतात. तारेखाली सुताचा धागा सरकवत नेमकी जागा सापडली की जवारी खुलते. धागा जरा हलला की आवाज बद्द. सी. व्ही. रामन यांनीही १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला या घोडीचा अभ्यास केला होता.

आमच्या किहीमच्या किनाऱ्यावर गिटारवाले पर्यटक येतात, त्यामुळे मुलं इलेक्ट्रिक गिटारबद्दल विचारतातच. तिथे तारेखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. तो घोडीजवळ बसवला तर आवाज धारदार, मानेकडे बसवला तर गोलसर. तार तीच, पण ऐकायची जागा बदलली! वर्गात डब्यावर रबर ताणून छेडा, मग त्याला कागदाची पट्टी हलकेच टेकवा. फरक मुलं स्वतःच सांगतील.

सूर इतका नेमका लावणाऱ्या या माणसाचं घर मात्र मोडलं. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही त्यांचीच मुलं. वडिलांपासून दूर वाढली, तरी तिघंही नामवंत झाली आणि गायली किराण्याचंच गाणं. हा भाग मुलांना सांगावा की नाही, हे वर्ग बघून ठरवा. मी सांगते.

१९३७ साली पाँडिचेरीला जाताना वाटेतच, सिंगपेरुमलकोइल स्टेशनवर खाँसाहेबांचं निधन झालं. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तिथल्या उरुसात गायक-वादक आजही हजेरी लावतात.