डॉ. भीमराव रामजी आंबेडकर : नागरिकाच्या स्वातंत्र्याचे कैवारी

ज्या महापुरुषाने जातिसंस्थेचा उच्छेद व्हावा अशी इच्छा धरली, त्याचे चरित्र ज्ञातिसंघाच्या स्मरणिकेत यावे ह्याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु अपरात्री पोलीस दारी आले असता घरातील माणसांना कायद्याचा जो आधार उरतो, त्याच्या उभारणीत डॉ. आंबेडकरांचा वाटा फार मोठा आहे. ते ऋण मान्य करताना ज्ञात पाहावयाची नसते, असे आम्ही मानतो. म्हणूनच त्यांच्या चरित्राचा हा एक, काहीसा अल्पपरिचित, भाग आपणांपुढे ठेवीत आहो.

सुभेदार रामजी सकपाळ यांचे हे चिरंजीव १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मले. बालपणी सोसलेली अस्पृश्यतेची विटंबना, श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या साहाय्याने १९१३ साली केलेले अमेरिकागमन, पुढे लंडन येथे संपादन केलेल्या पदव्या व बॅरिस्टरी हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्याची द्विरुक्ती येथे करीत नाही. १९२३ साली मायदेशी परतून त्यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली आरंभिली. परळच्या दामोदर हॉलमधील त्यांच्या कचेरीत गोरगरिबांची सदैव रीघ असे. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा लोकमत विरुद्ध असतानाही ते कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले. महाडच्या चवदार तळ्याच्या प्रकरणी डिसेंबर १९२७ मध्ये न्यायालयाचा मनाईहुकूम येताच त्यांनी सत्याग्रह तहकूब केला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागेतो तो लढा न्यायमार्गाने चालविला. कायद्याचे बळ व कायद्याची उणीव ही दोन्ही त्यांनी अशी जवळून पाहिली होती.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेच्या मसुदा समितीची स्थापना झाली व तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. डिसेंबर १९४८ मध्ये घटना परिषदेत आरोपीच्या हक्कांचा विचार चालू असता, मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी एक दुरुस्ती मांडली. नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांची अवाजवी झडती होऊ नये. सबळ कारण शपथेवर दाखविल्याविना वॉरंट निघू नये. व कोठे आणि कशाची झडती घ्यावयाची हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे, असा तिचा आशय होता. अमेरिकेच्या घटनेत असा हक्क पूर्वीच नमूद होता.

डॉ. आंबेडकरांनी ही दुरुस्ती स्वीकारण्याची तयारी दर्शविली. झडतीविषयीचे नियम फौजदारी संहितेत होतेच. परंतु साध्या कायद्यातील संरक्षण विधिमंडळास केव्हाही काढून घेता येते. ते घटनेत घातले म्हणजे त्याच्या हाताबाहेर जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मतदानाच्या वेळी मात्र गोंधळ उडाला, निर्णय लांबणीवर पडला आणि अखेर दुरुस्ती नामंजूर झाली.

त्याच महिन्यात दुसरा प्रश्न उपस्थित झाला. कायद्याने ठरविलेली कार्यपद्धती पाळून माणसाचे स्वातंत्र्य हिरावता येईल, अशी शब्दरचना परिषदेने मान्य केली. मग कायदाच अन्यायकारक असल्यास काय, असा आक्षेप अनेकांनी घेतला. ही टीका डॉक्टरसाहेबांच्या मनात राहिली असावी. कारण सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी स्वतः एक नवे कलम आणले. तेच आजचे बाविसावे कलम होय. अटक केलेल्यास तिचे कारण शक्य तितक्या लवकर सांगितले पाहिजे; आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा त्यास हक्क आहे; व प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्यास मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे, असे ते सांगते. विसाव्या कलमान्वये आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही.

ह्या कलमात एक वैगुण्यही आहे, व ते आम्ही झाकू इच्छीत नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेस त्याच कलमाने जागा दिली. बक्षी टेकचंद प्रभृती सभासदांनी त्यावर परखड टीका केली होती. देशाची परिस्थिती पाहता ती तरतूद अपरिहार्य आहे, अशी डॉ. आंबेडकरांची भूमिका होती. नागरिकास काही प्रमाणात भरपाई मिळवून देणे तेव्हा शक्य होते, तेवढी त्यांनी मिळवून दिली.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे महानिर्वाण झाले. त्यापूर्वी, १९५४ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी झडतीच्या एका प्रकरणात निर्णय दिला की, अमेरिकेसारखा हक्क आपल्या घटनाकारांनी घातलेला नाही. नामंजूर दुरुस्तीची उणीव अशी भासली. परंतु २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आणि तो जुना निर्णय त्या मर्यादेपर्यंत रद्द केला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती व जप्तीचे चित्रमुद्रण करणे आवश्यक झाले आहे.

ज्ञातिबंधुभगिनींनो, अटकेचा प्रसंग आला की आपल्यातील सुशिक्षित माणसेही लज्जेने मान खाली घालतात, दार लावून घेतात आणि वकिलाऐवजी ओळखीचा माणूस शोधू लागतात. त्या गडबडीत चोवीस तास निघून जातात. पोलिसांच्या कर्तव्यात आपण अडथळा आणू नये, हे खरेच. परंतु अटकेचे कारण विचारणे वा वकील बोलाविणे हा उद्धटपणा नव्हे. ही कलमे घरातील मुलामुलींना अवश्य समजावून द्यावीत. ह्या थोर कायदेपंडिताच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन असो!