मुलगा की मुलगी? उत्तर शोधणारी नेटी

मुलगी झाली की सुनेकडे बोट दाखवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. अचलपूर-परतवाड्याकडच्या खेड्यांत बचत गटाच्या बैठकीला गेलं, की आजही एखादी सून खालमानेनं सांगते, तिसरीही पोट्टीच झाली म्हणून घरात कोणी धड बोलत नाही. मैत्रिणींनो, यात बाईच्या कुशीचा काही दोष नाही, हे शंभर वर्षांपूर्वी सूक्ष्मदर्शकातून पाहून सांगणारी एक बाईच होती. तिचं नाव नेटी मारिया स्टीव्हन्स.

नेटीचा जन्म ७ जुलै १८६१ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला. वडील सुतारकाम करायचे. आई लहानपणीच गेली. शिकायची हौस दांडगी, पण पैसा कुठून आणायचा? मग शाळेत शिकवायचं, ग्रंथालयात नोकरी करायची, पै-पै साठवायची आणि पुन्हा शिकायचं, असं तिचं चालायचं. स्टॅनफर्ड विद्यापीठात तिनं पाऊल ठेवलं तेव्हा ती पस्तिशीची होती. आपल्याकडे या वयात बाईनं शिकायचं म्हटलं तर लोक हसतात. नेटी १८९९ मध्ये पदवीधर झाली, पुढच्याच वर्षी एम.ए. झाली.

पुढचं शिक्षण तिनं ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात घेतलं. हे कॉलेज फिलाडेल्फिया शहराजवळ आहे. याच फिलाडेल्फियात १८८६ मध्ये आपली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाली होती. नेटी तिथे पोचली १९०० मध्ये. मधल्या काळात शिष्यवृत्तीवर ती इटली आणि जर्मनीतही काम करून आली. १९०३ मध्ये तिला पीएच.डी. मिळाली, तेव्हा तिनं चाळिशी ओलांडली होती!

तिनं काम सुरू केलं ते अगदी साध्या जिवावर. धान्यात, कोंड्यात होणारी पिवळसर अळी आणि तिचा किडा. या किड्याच्या पेशी तिनं सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. पेशीत धाग्यांसारखी गुणसूत्रं असतात. मादीत तिला वीस मोठी गुणसूत्रं दिसली. नरातही वीसच, पण त्यातलं एक अगदी चिमुकलं. म्हणजे नराचे शुक्राणू दोन तऱ्हेचे झाले. निम्म्यांत दहा मोठी गुणसूत्रं, निम्म्यांत नऊ मोठी आणि ते एक चिमुकलं. मादीची बीजं मात्र सगळी एकसारखी. चिमुकलं गुणसूत्र आलं की नर, नाही आलं तर मादी. १९०५ मध्ये तिनं हे छापून मांडलं. ते चिमुकलं म्हणजेच आजचं वाय गुणसूत्र. एडमंड विल्सन हे शास्त्रज्ञही त्याच वर्षी, स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला पोचले होते. पुढे बऱ्याच पुस्तकांत विल्सन यांचं नाव ठळक छापलं गेलं आणि नेटी मागे पडली. तिचे शिक्षक मॉर्गन यांना १९३३ मध्ये गुणसूत्रांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. ते पाहायला नेटी नव्हती. ब्रिन मॉरनं तिच्यासाठी संशोधनाची खास जागा तयार केली होती, पण ती स्वीकारण्याआधीच ४ मे १९१२ रोजी स्तनाच्या कर्करोगानं ती गेली. पन्नास वर्षांचं आयुष्य, त्यातली संशोधनाची जेमतेम दहा-बारा वर्षं.

तिनं दाखवलेल्या वाटेवर पुढचे लोक चालत राहिले. १९९० मध्ये वाय गुणसूत्रावरचं नर घडवणारं जनुक सापडलं. त्याला एसआरवाय म्हणतात. १९९१ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी तेच जनुक उंदराच्या मादी-गर्भात घातलं आणि चक्क नर उंदीर जन्मला! पण हे जनुक सगळ्या उंदरांत तंतोतंत सारखं नसतं. युरोपातल्या काही रानउंदरांचं वाय गुणसूत्र संकरातून प्रयोगशाळेतल्या एका जातीत आणलं, तेव्हा वाय असूनही काही पिलांत वृषणाऐवजी अंडाशय तयार झालं. म्हणजे नुसतं वाय असून भागत नाही, त्यावरचं जनुक कसं आहे आणि बाकीची जनुकं त्याला कशी साथ देतात, हेही महत्त्वाचं. निसर्गाचा हा कारभार इतका नाजूक आहे, आणि आपण एका वाक्यात सुनेला दोषी ठरवून मोकळे!

माणसातही तेच. आईच्या बीजात कायम एक्स असतं. वडिलांकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. म्हणून आता नवऱ्याला बोल लावायचा का? मुळीच नाही. कुठला शुक्राणू आधी पोचेल हे त्याच्याही हातात नसतं. नवस, अंगारे-धुपारे, मुलगा होण्याची औषधं, कशानंच ते बदलत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्या महाराष्ट्रानं केला. १९९४ मध्ये तो देशभरासाठी झाला. पण कायदा दवाखान्याच्या दारापर्यंत येतो, स्वयंपाकघरातले टोमणे त्याला थांबवता येत नाहीत. ते आपल्यालाच थांबवावे लागतील.

तेव्हा पुढच्या बारशाला सासूबाईंचा चेहरा उतरलेला दिसला, तर त्यांना जवळ बसवून नेटीची ही गोष्ट जरूर सांगा. आणि ती ऐकायला लेकालाही बोलवा.